हृदयाच्या रिपोर्टात ऐकलेला शब्द पारखायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. झाल्यावर तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या (डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करण्याच्या) ऑफिसात लागलात. ऑर्थो आणि जनरल सर्जरीच्या फाइल्स आता हातचा मळ झाल्या आहेत, पण कार्डिओलॉजीची फाइल क्यूएकडून (काम तपासणाऱ्यांकडून) लाल होऊनच परत येते. रात्री अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं काम आणि सकाळी इथल्याच एका हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं, दोन्हीकडे तीच रड. म्हणून तुम्ही कार्डिओलॉजीच्या शब्दांची यादी पाठ करायला घेतली आहे आणि ती पुरेल का, असं विचारता.

पुरणार नाही. पाठ केलेलं वाया जात नाही, पण चुका कुठे होतात ते आधी बघा. ‘टाकोत्सुबो’ किंवा ‘वेंकेबाख’ ऐकू आलं की आपण थांबतो, शोधतो आणि बरोबर लिहितो. चूक होते ती रोजच्या ओळखीच्या शब्दांत: एट्रियल की आर्टेरियल, पेरिकार्डियल की प्रिकॉर्डियल, परफ्यूजन की इफ्यूजन, पाल्पेशन की पाल्पिटेशन, डिस्क्रीट की डिफ्यूज. दोन्ही शब्द खरे आणि दोन्हींचं स्पेलिंग बरोबर, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. यादी पाठ असली तरी या जोडीतला कुठला घ्यायचा हे यादी सांगत नाही.

ते रिपोर्टच सांगतो. हृदयाच्या रिपोर्टात एकच गोष्ट तीन-चार वाटांनी येते: ईसीजीतून, इकोतून (हृदयाच्या सोनोग्राफीतून), अँजिओतून (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीतून) आणि शेवटी औषधांतून. कानाला एक शब्द लागला नाही, तर उरलेल्या तीन ठिकाणी त्याची साक्ष मिळते. ती साक्ष काढता येणं हेच कार्डिओलॉजी ट्रान्स्क्रिप्शन, असं मी मानते. फक्त एक पथ्य पाळा. साक्ष जुळली नाही म्हणून डॉक्टरांचा शब्द आपण बदलायचा नाही. पुन्हा ऐकायचं, आणि तरी शंका उरली तर विचारायचं.

सुरुवात नकाशापासून करा. कोऱ्या कागदावर रक्ताचा रस्ता काढा: राइट एट्रियम, ट्रायकस्पिड, राइट व्हेंट्रिकल, पल्मनरी व्हॉल्व्ह, फुप्फुसं, मग लेफ्ट एट्रियम, माइट्रल, लेफ्ट व्हेंट्रिकल, एओर्टिक व्हॉल्व्ह, एओर्टा. न बघता काढता येईपर्यंत काढा. मग हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या. उसाच्या रानात मुख्य पाटाला चाऱ्या फुटतात तशा त्या फुटतात, आणि कुठली चारी कुठल्या पाटाची हे ठरलेलं असतं. लेफ्ट मेनचे दोन फाटे, एलएडी (लेफ्ट अँटीरियर डिसेंडिंग) आणि सर्कमफ्लेक्स. डायगोनल आणि सेप्टल या एलएडीच्या शाखा. ऑब्ट्यूज मार्जिनल, म्हणजे डिक्टेशनमधला ओएम, ही सर्कमफ्लेक्सची. उजवीकडे आरसीए (राइट कॉरोनरी आर्टरी), आणि बहुतेक माणसांत पीडीए (पोस्टीरियर डिसेंडिंग आर्टरी) आणि पीएलव्ही (मागच्या बाजूची शाखा) तिच्यापासून निघतात. एवढं डोक्यात असलं की ‘एलएडीचा ओएम वन’ असं टाइप करताना हात आपोआप थांबतो. डॉक्टर ‘लेफ्ट डॉमिनंट’ म्हणाले आणि चार ओळींनी ‘पीडीए अरायझेस फ्रॉम आरसीए’ आलं, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. डॉमिनन्स ठरतो तो पीडीए कुणाकडून येते यावरच.

हाच पीडीए चार महिन्यांच्या बाळाच्या इकोत आला तर तो पेटंट डक्टस आर्टेरिओसस असतो. संक्षेपांचा हा घोळ कार्डिओलॉजीत पावलोपावली आहे. इकोमधला एएमएल म्हणजे माइट्रल झडपेचं पुढचं पान, अँटीरियर माइट्रल लीफलेट. तोच एएमएल रक्ताच्या आजारांच्या विभागात ल्युकेमिया होतो. पीई म्हणजे पल्मनरी एम्बॉलिझम, पण आपल्याकडच्या इकोत शेवटी ‘नो क्लॉट, पीई, व्हेज’ अशी ठरीव ओळ असते, तिथे तो पेरिकार्डियल इफ्यूजन (व्हेज म्हणजे व्हेजिटेशन, झडपेवरची वाढ). पीआर हा ईसीजीत इंटरव्हल, इकोत पल्मनरी रिगर्जिटेशन आणि पोटाच्या तपासणीत आणखीच काही. एमएस तर सगळ्यांत वाईट. आपल्यासाठी तो माइट्रल स्टेनोसिस, न्यूरोवाल्यांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि औषधांच्या कागदावर मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट हा संशय. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ साली ‘वापरू नका’ म्हणून जी यादी काढली, तिच्यात औषधासाठी लिहिलेला एमएस आहे. क्लायंटच्या सूचनेत मुभा असेल तर निदानाच्या मथळ्याखाली संक्षेप नेहमी उलगडून लिहा.

ईसीजीत लीड, भिंत आणि रक्तवाहिनी हे त्रिकूट पक्कं करा. दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेला तर इन्फीरियर वॉल, आणि दोष बहुधा आरसीएत. व्ही वन ते व्ही फोर म्हणजे अँटीरियर किंवा अँटेरोसेप्टल, तिथे एलएडी. एक, एव्हीएल, व्ही फाइव्ह आणि व्ही सिक्स म्हणजे लॅटरल, सर्कमफ्लेक्सचा प्रदेश. इन्फीरियर वॉल एमआयच्या (हार्ट अटॅकच्या) रुग्णाला स्टेंट एलएडीत घातला असं ऐकू आलं तर टेप मागे घ्या. क्वचित तसं खरंही असतं, म्हणून टेप मागे घ्या म्हणते, शब्द बदला म्हणत नाही. हातापायांचे लीड रोमन आकड्यात लिहायचे. एव्हीएफमधला पहिला ‘ए’ लहान लिपीतला, पुढची दोन अक्षरं मोठी, आणि तिन्ही जोडून. स्पीच इंजिनच्या (बोलणं आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मसुद्यात हा ‘ए’ सुटा पडून ‘ए व्हीएफ’ झाला, तर वाचणाऱ्याला ते व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन वाटेल. एक जागा चुकली आणि रुग्णाच्या कागदावर जीवघेणी लय आली.

इंटरव्हलच्या आकड्यांनाही मर्यादा असतात. पीआर २०० मिलिसेकंदांच्या वर गेल्याशिवाय फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक म्हणत नाहीत. क्यूआरएस १२० च्या आत असताना कम्प्लीट बंडल ब्रँच ब्लॉक आलं, तर आकडा किंवा निदान यांतलं एक नीट ऐकलेलं नाही.

आता इको. तुमच्या सगळ्यात जास्त लाल खुणा इथेच असतील, आणि पारखायची साधनंही इथेच सगळ्यात जास्त आहेत, कारण इकोचे आकडे एकमेकांना गणिताने बांधलेले असतात. सूत्र एकच: वेगाचा वर्ग करा, चारने गुणा, दाबातला फरक, म्हणजे ग्रेडियंट, मिळतो. वेग मीटर प्रतिसेकंद, दाब मिलिमीटर पाऱ्यात. टीआर म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणारं रक्त, आरए म्हणजे राइट एट्रियम, आरव्हीएसपी म्हणजे राइट व्हेंट्रिकलमधला आकुंचनाच्या वेळचा दाब. समजा टेपवर असं आहे: टीआर जेट व्हेलॉसिटी तीन, आरए प्रेशर दहा, आरव्हीएसपी… आणि मागे कुणीतरी ट्रॉली ढकलली, आकडा फॉर्टी-सिक्स की फिफ्टी-सिक्स कळत नाही. तीनचा वर्ग ९, गुणिले ४ म्हणजे ३६, त्यात आरए प्रेशरचे १० मिळवा, ४६. आता पुन्हा ऐका, फॉर्टी-सिक्स स्पष्ट ऐकू येईल. आणि तरीही फिफ्टी-सिक्सच ऐकू आलं, तर स्वतःचं गणित घुसवू नका, ब्लँक सोडून शेरा लिहा. आरए प्रेशर त्यांनी नंतर बदललं असेल, ते आपल्याला ठाऊक नाही.

एओर्टिक झडपेवर वेग ४ असेल तर पीक ग्रेडियंट ६४ यायला हवा. सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस म्हणतात ते साधारण वेग ४ किंवा जास्त, मीन ग्रेडियंट ४० किंवा जास्त, झडपेचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी असताना. पीक आणि मीन हे दोन शब्द कानाला इतके जवळ आहेत की मसुद्यात नेहमी उलटसुलट होतात. पण मीन हा पीकपेक्षा कमीच असणार, म्हणून ‘मीन ६४, पीक ४०’ दिसलं की अदलाबदल झाली हे ऐकण्याआधीच कळतं.

माइट्रल स्टेनोसिस आपल्याकडे अजून बराच दिसतो, लहानपणी होऊन गेलेल्या संधिवाती तापाच्या पोटी. तिथे २२० ला प्रेशर हाफ टाइमने (दाबातला फरक निम्मा व्हायला लागणाऱ्या मिलिसेकंदांनी) भागलं की क्षेत्रफळ येतं. हाफ टाइम २७५ असेल तर ०.८. दशांश चिन्ह ऐकू आलं नाही आणि ‘८’ लिहिलं, तर तेवढी झडप कुणालाच नसते; निरोगी माणसाचीसुद्धा चार ते सहाच्या घरात असते. प्लॅनिमेट्रीने (चित्रावर कडा आखून) मोजलेलं क्षेत्रफळ थोडं वेगळं येऊ शकतं, त्याने बिचकू नका. मात्र त्याच रिपोर्टात एट्रियल फिब्रिलेशन असेल आणि पुढे ई/ए रेशो (दोन लाटांच्या वेगांचं गुणोत्तर) दिलेला असेल तर जरूर थांबा. ‘ए’ लाट एट्रियमच्या आकुंचनाची. फिब्रिलेशनमध्ये ते आकुंचनच नाही, तर रेशो कशाचा काढणार? बहुधा डॉक्टर ई बाय ई-प्राइम म्हणाले असतील.

तपासणीतल्या मर्मरचंही (हृदयाच्या जादा आवाजाचंही) तसंच. ग्रेड सहापैकी दिलेला असतो, आणि हाताला थ्रिल (थरथर) लागतो तो चौथ्या ग्रेडपासून पुढे. ‘ग्रेड दोन, विथ थ्रिल’ असं दिसलं तर बहुधा मूळ वाक्य ‘विदाउट थ्रिल’ असतं.

यावरून नकाराचा मुद्दा. आज बरंचसं काम स्पीच इंजिनचा मसुदा सुधारण्याचं आहे. इंजिनला लांबलचक लॅटिन शब्द छान येतात, त्याच्या हातून निसटतात ती ‘नो’, ‘नॉट’, ‘विदाउट’ अशी टीचभर अक्षरं. ‘नो एलव्ही थ्रॉम्बस’ मधला नो गेला की रुग्णाच्या डाव्या व्हेंट्रिकलमध्ये गुठळी आली, आणि वाचणारा डॉक्टर रक्त पातळ करायची गोळी सुरू करायचा विचार करणार. मसुदा वाचताना डोळा पुढे पळतो, म्हणून इकोचा भाग मी डोळ्यांनी एकदा आणि कानांनी एकदा असा वेगवेगळा घेते. ‘अटिपिकल चेस्ट पेन’ आणि ‘अ टिपिकल चेस्ट पेन’ यांतही एका रिकाम्या जागेने अर्थ उलटा होतो. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने छातीच्या दुखण्याला अटिपिकल म्हणणं सोडा, कार्डियाक, पॉसिबली कार्डियाक की नॉनकार्डियाक ते सांगा, असं सुचवलं आहे. तरी जुने डॉक्टर अजून तो शब्द वापरतात. ते म्हणाले तसं लिहायचं, फक्त जागा कुठे सोडायची ते पुढच्या प्लॅनवरून ठरवायचं. लगेच अँजिओला नेलं की ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं?

फिफ्टीन आणि फिफ्टी हा सगळ्यांचा जुना वैरी आहे. ईएफ (दर ठोक्याला डावं व्हेंट्रिकल किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) १५ टक्के आणि ५० टक्के यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कानावर विसंबू नका, आजूबाजूला बघा. एलव्ही डायलेटेड, ग्लोबल हायपोकायनेशिया, सिव्हिअर एलव्ही डिसफंक्शन, प्लॅनमध्ये आयसीडीबद्दल (शरीरात बसवायच्या, शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल) चर्चा, औषधांत सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, असं सगळं असेल तर तो पंधरा. चेंबर्स नॉर्मल आणि ‘नो आरडब्ल्यूएमए’ (भिंतीच्या हालचालीत कुठे दोष नाही) असेल तर पन्नास. इतक्या ठिकाणी साक्ष असताना नुसता कानाचा कौल घेणं रुग्णावर अन्याय आहे.

औषधाचं नाव डोसने पारखा. स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला जे असतं त्यात क्लोपिडोग्रेल ७५ दिवसातून एकदा, टिकाग्रेलॉर ९० दोनदा, प्रासुग्रेल बहुधा १० एकदा. लोडिंगलाही तसंच: टिकाग्रेलॉर १८०, प्रासुग्रेल ६०, क्लोपिडोग्रेल ३०० किंवा ६००. रोसुव्हास्टॅटिन ४० च्या वर देत नाहीत, म्हणून ‘८०’ ऐकलं तर ते अटॉर्व्हास्टॅटिन असण्याची शक्यता मोठी. पण डोस नेहमी वाचवत नाही. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन दोन्ही २५ मध्ये मिळतात. तिथे कारण बघावं लागतं: बीपी किंवा हार्ट फेल्युअर, सोबत आयसोसॉर्बाइड, तर पहिलं. खाज किंवा अस्वस्थपणा, तर दुसरं.

शून्याचा नियम तुम्हाला माहीत असेलच: डिगॉक्सिन ०.२५ लिहिताना दशांशाआधी शून्य हवं, आणि ५ मिलिग्रॅमपुढे ‘.०’ नको, कारण बिंदू पुसट झाला तर ५० होतात. पण स्टेंटचं माप ३.० गुणिले २८ असंच लिहायचं. मापाची अचूकता दाखवायची तिथे, जसं कॅथेटर किंवा इमेजिंगमधलं माप, शेवटचं शून्य ठेवायला त्या नियमातच सूट आहे. क्यूए त्यावर लाल खूण करत असेल तर ही सूट दाखवा.

रात्रीचं काम आणि सकाळचं काम यांची सरमिसळ होऊ देऊ नका. इथल्या झडपेच्या रुग्णाच्या कार्डावर ॲसिट्रॉम २ (रक्त पातळ करायची गोळी) अगदी बरोबर आहे, पण अमेरिकन फाइलमध्ये ॲसिट्रॉम ऐकू आलं तर तिथे बहुधा वॉरफॅरिनबद्दलच काही चाललेलं असेल, पुन्हा ऐका. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आपल्याकडे ५०, १००, २०० असं सांगतात. अमेरिकेत तीच गोळी २४/२६, ४९/५१, ९७/१०३ अशी सांगतात. इथे ॲड्रिनॅलिन, तिथे एपिनेफ्रिन. इथे इस्किमियाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, तिथे नाही. एका रिपोर्टात दोन्ही पद्धती आल्या तर कागद कुणीतरी न वाचता पाठवला, हे लगेच कळतं. आणि इथल्या शस्त्रक्रियेच्या नोटमध्ये ‘चित्रा व्हॉल्व्ह’ आलं तर परदेशी इंजिन त्याचं काहीही करेल. ती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडवलेली टीटीके-चित्रा झडप, १९९० पासून बसवली जाते.

इथल्या डिस्चार्ज कार्डात आणखी एक अडचण असते. आपले डॉक्टर हिस्टरी अर्धी मराठीत सांगतात: ‘जिना चढला की दम भरतोय, रात्री उठून बसायला लागतंय.’ पहिलं डिस्प्निया ऑन एक्झर्शन, दुसरं पीएनडी, हे सरळ आहे. पण ‘चक्कर आली’ याला स्वतःहून सिंकोपी लिहू नका. शुद्ध गेली होती का, हे वाक्यात असल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही. ‘जीव घाबरा होतोय’ हेसुद्धा धडधड की दम की भीती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. एनवायएचए क्लास (किती श्रमांनी त्रास होतो याची प्रतवारी) दोन लिहिलं आणि वरती ‘बसल्या जागी धाप’ असेल तर तेही विचारा. सीपीआरमधून (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून) किंवा दुसरीकडून रेफर होऊन आलेला रुग्ण हेच कार्ड हातात घेऊन फिरतो. महात्मा फुले योजनेच्या कागदांनाही तेच जोडलं जातं आणि पुढचा डॉक्टर त्यावरच विसंबतो.

विचारायचं कसं, याचीही पद्धत आहे. ‘समजलं नाही’ एवढाच शेरा मारला तर डॉक्टर वैतागतात, आणि ते बरोबर आहे. असं लिहा: ‘मिनिट ३:१२, आरव्हीएसपीचा आकडा ५६ ऐकू येतो, टीआर व्हेलॉसिटी ३ आणि आरए प्रेशर १० सांगितलं आहे, कृपया खात्री करावी.’ वेळ, काय ऐकलं, कशाशी जुळत नाही, या तीन गोष्टी. याला उत्तर द्यायला डॉक्टरांना पाच सेकंद लागतात, आणि ते देतात. अंदाजाने भरलेली जागा मात्र कुणाच्याच नजरेला येत नाही, म्हणून ब्लँकची लाज कधी वाटू देऊ नका. क्यूएने ब्लँकचे गुण कापले तरी चालतील.

तुमची यादी टाकून देऊ नका, तिची मांडणी बदला. अकारविल्हे न ठेवता रिपोर्टच्या क्रमाने लावा: तक्रारी, तपासणी, ईसीजी, इको, अँजिओ, प्रोसीजर, औषधं. प्रत्येक शब्दापुढे त्याची साक्ष देणारी गोष्ट लिहा. थ्रिलपुढे ‘ग्रेड ४ पासून पुढे’, टिकाग्रेलॉरपुढे ‘९०, दोनदा’, पीडीएपुढे ‘वय बघा’. प्रत्येक डॉक्टरच्या बोलण्याच्या सवयींसाठी वेगळं पान ठेवा. कुणी सर्कमफ्लेक्सला नुसतं ‘सर्क’ म्हणतं, कुणी आकडे गिळतं.

आणि ज्या हॉस्पिटलची कार्डं तुम्ही सकाळी टाइप करता, तिथल्या कार्डिओलॉजिस्टना एक विनंती करून बघा: रुग्णाची हरकत नसेल तर ओपीडी ओसरल्यावर एखादा इको शेजारी उभं राहून बघू द्याल का? टीआरचा जेट स्क्रीनवर कसा दिसतो आणि कर्सर कुठे ठेवून वेग मोजतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की वर सांगितलेलं अर्धं गणित पाठ करावं लागणार नाही. स्वतःचे रिपोर्ट नीट यावेत असं त्यांनाही वाटतं, त्यामुळे ते बहुधा हो म्हणतील. जाताना लाल खुणा झालेल्या दोन-तीन इको फाइल्समधली वाक्यं नाव-पत्ता काढून सोबत न्या आणि तेवढ्याच विचारा.